क्लायंटच्या साध्या बोलण्यातून चालणारं सॉफ्टवेअर कसं काढायचं, दूध संस्थेच्या उदाहरणासकट

"सकाळ संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि डिग्री लावतो, चार्टप्रमाणे भाव बसतो, दर दहा दिवसांनी बिल काढतो, त्यातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापतो आणि राहिलेले खात्यावर टाकतो. शेतकऱ्याला मेसेज पण गेला पाहिजे. बास, एवढं करून द्या."

गावातल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीला सॉफ्टवेअरमध्ये काय पाहिजे असं विचारलं की साधारण असं उत्तर येतं आणि माझ्या मते हे उत्तम उत्तर आहे, कारण पाच ओळीत सगळा कारभार आला. अडचण पुढे होते. ऐकणारा डेव्हलपर लगेच लॅपटॉप उघडतो, शेतकरी टेबल, दूध टेबल, बिल टेबल बनवतो, स्क्रीन छान दिसतात, डेमोला सगळे खुश, आणि पहिलं खरं बिल निघालं की संस्थेच्या दारात वीस माणसं उभी राहतात कारण कुणाचाच आकडा जुन्या रजिस्टरशी जुळत नाही.

मला या लेखात मुख्य एकच गोष्ट सांगायचीय. बोललेलं वाक्य आणि कोड यांच्या मधे एक थर पाहिजे, आणि तो थर म्हणजे खऱ्या आकड्यांची उदाहरणं, जी सेक्रेटरी स्वतः वाचून "हो, असंच" किंवा "नाही, इथे चुकलं" म्हणू शकेल. डायग्राम नाही, चाळीस पानी डॉक्युमेंट नाही. त्या उदाहरणांपर्यंत कसं पोचायचं आणि तिथून कंपोनंट, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, कसे पाडायचे ते आता बघू, सगळं वरच्या पाच ओळी धरूनच.

आधी कागद गोळा करा

पहिल्या भेटीत "तुम्हाला कोणते फीचर पाहिजेत" हे विचारू नका, त्याचं उत्तर दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरची नक्कल असतं. त्याऐवजी चालू चार्ट मागा, त्याच्या आधीचा चार्ट मागा, एका आख्ख्या बिलाच्या मुदतीची रजिस्टरची पानं मागा, आणि ज्या बिलांवरून वाद झाला होता ती दोन-तीन बिलं आवर्जून मागा. वादाच्या बिलात नियम दडलेला असतो. सरळ चाललेल्या बिलातून तुम्हाला कळतं की गुणाकार कसा करायचा, वादाच्या बिलातून कळतं की माणसं कशाला न्याय म्हणतात.

आणि शक्य असेल तर एक सकाळ संकलनाच्या वेळी नुसतं उभं राहा. किती घाईत एंट्री होते, टेस्टिंग करणारा माणूस बोटं न पुसता कीबोर्डला हात लावतो का, लाईट गेली की काय करतात, हे कुठलाही क्लायंट तोंडाने सांगणार नाही कारण त्याच्यासाठी ते रोजचंच आहे.

वाक्य सुटं करा

जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत म्हणजे नामं आणि क्रियापदं वेगळी काढायची. रसेल अ‍ॅबॉट यांनी १९८३ मध्येच साध्या भाषेतल्या वर्णनातून प्रोग्रॅमची रचना काढायची ही युक्ती मांडली होती: नामांवरून डेटा, क्रियापदांवरून कामं. आपल्या पाच ओळीत नामं पडतात ती अशी, शेतकरी (संस्थेच्या भाषेत उत्पादक किंवा सभासद, आणि हे दोन एकच नाहीत, दूध घालणारा प्रत्येकजण सभासद असेलच असं नाही), दुधाची नोंद, फॅट, डिग्री, चार्ट, बिल, पेंडीची उधारी, उचल, खातं, मेसेज. क्रियापदं: मोजणं, भाव लावणं, बिल काढणं, कापणं, टाकणं, कळवणं.

इथे मराठीत एक खास काळजी घ्यावी लागते. आपण बोलताना कर्ता खाऊन टाकतो. "कापतो आणि खात्यावर टाकतो", कोण? सेक्रेटरी? संघ (संस्था पुढे ज्याला दूध घालते तो दूध संघ)? बँक? काही ठिकाणी संस्था बिल करते आणि पैसे संघाकडून थेट उत्पादकाच्या खात्यावर जातात, काही ठिकाणी संघ संस्थेला एकरकमी देतो आणि संस्था पुढे वाटते. दोन्हीत सॉफ्टवेअर वेगळं होतं. म्हणून प्रत्येक क्रियापदापुढे कर्ता लिहा, नसेल तर विचारा. एवढं एक काम केलं तरी निम्मे गोंधळ बाहेर येतात.

आता प्रत्येक ओळीला प्रश्न विचारा

हा भाग सगळ्यात मोठा आणि खरं काम इथेच आहे, त्यामुळे सावकाश वाचा.

"दूध येतं." किलोत की लिटरात? काटा वजन दाखवतो, भाव लिटरचा असतो. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, साधारण १.०३, म्हणजे १०० किलो दूध जवळपास ९७ लिटर भरतं. शंभरामागे तीन लिटर इकडचे तिकडे झाले तर ३० च्या भावाने ९० रुपयांच्या आसपास फरक. संस्था कुठल्या आकड्याने भागते, का काट्यातच सेट करून ठेवलंय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग गाय आणि म्हैस, एकाच माणसाची दोन्ही असतील तर एका वेळेला दोन नोंदी होणार. त्याच माणसाने त्याच वेळेला गाईचंच दूध दोनदा आणलं तर? आधी पोराने एक कॅन आणला, अर्ध्या तासाने बाप दुसरा घेऊन आला. डुप्लिकेट म्हणून अडवायचं की दुसरी नोंद धरायची? तुम्ही डेटाबेसला युनिक लावून मोकळे झालात तर त्या बापाला परत पाठवलंत.

"फॅट आणि डिग्री लावतो." डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं रीडिंग, त्यावरून एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) काढतात. फॉर्म्युला साधारण असा असतो: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२, अधिक एक ठरलेली संख्या. ही ठरलेली संख्या सगळीकडे एक नसते, कुठे ०.३६ धरतात, कुठे ०.६६. फॅट ३.५ आणि डिग्री २८ असेल तर पहिल्या संख्येने एसएनएफ ८.०६ येतो, दुसऱ्याने ८.३६. ०.१ म्हणजे एक पॉइंट, म्हणजे तीन पॉइंटचा फरक. पॉइंटला ३० पैसे धरा, लिटरमागे ९० पैसे झाले, रोजचं वीस लिटर घालणाऱ्याला दहा दिवसात १८० रुपये. इंटरनेटवरून फॉर्म्युला कॉपी करणाऱ्या माणसाने हे गणित एकदा तरी हाताने करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि हो, जिथे मिल्क अ‍ॅनालायझर आहे तिथे एसएनएफ थेट मशीन देतं, मग डिग्री लागतच नाही, पण मशीन बंद पडलं की परत लॅक्टोमीटर येतो, म्हणजे दोन्ही वाटा लागणार.

"चार्टप्रमाणे भाव बसतो." समजा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (हा बेस) ३० रुपये, आणि दोन्हीकडे प्रत्येक ०.१ ला ३० पैसे वर किंवा खाली. हे ऐकून लगेच फॉर्म्युला लिहावासा वाटतो. लिहू नका. चार्टमध्ये खालच्या कोपऱ्यात सरळ रेषा मोडलेली असू शकते, एका ठरावीक एसएनएफच्या खाली कपात एकदम वाढते किंवा दूध घेतच नाहीत. चार्ट जसा कागदावर आहे तसाच टेबल म्हणून ठेवा, उभी फॅट आणि आडवा एसएनएफ, सेक्रेटरीला पण तो ओळखता येतो आणि बोट ठेवून तपासता येतो.

मग दशांशाचा प्रश्न. चार्टमध्ये एकच दशांश, मशीन देतं ३.४७. याला ३.४ धरायचं की ३.५? पुढचा आकडा सोडून द्यायची पद्धत असेल तर ३.४, जवळचा धरायची असेल तर ३.५. इथे बरोबर चूक काही नाही, संस्थेत जे चालतं ते, पण ते तुम्ही ठरवायचं नाही.

भाव कधी बदलतो? बिलाच्या मध्येच, आणि कधीकधी संध्याकाळच्या वेळेपासून. म्हणजे चार्टला नुसती तारीख पुरत नाही, तारीख आणि वेळ दोन्ही पाहिजेत. आणि नव्या भावाचं पत्रक १८ तारखेला हातात पडतं पण लागू १६ पासून असतं, हे पण होतं. तेव्हा १६ आणि १७ च्या नोंदी बदलायच्या का? शेतकऱ्याच्या हातात त्या दिवशीच्या पावत्या आहेत, त्यावर जुना भाव छापलाय. माझं ठाम मत, छापून दिलेली नोंद कधीही खोडायची नाही, वरून "फरक" म्हणून वेगळी नोंद टाकायची. प्रत्येक नोंदीवर त्या क्षणी लागलेला भाव कायमचा साठवा, चार्ट बघून परत काढू नका.

"दर दहा दिवसांनी बिल." हे वाक्य मला फार आवडतं कारण ते बोलायला खरं आणि कोडला खोटं आहे. तारखा असतात १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तिसरं बिल साध्या फेब्रुवारीत ८ दिवसांचं, लीप वर्षात ९ चं, आणि ३१ च्या महिन्यात ११ चं. शेवटच्या तारखेत दहा मिळवत गेलेला प्रोग्रॅम पहिल्या ३१ च्या महिन्यातच गडबडतो.

"पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापतो." बिल १,८५० रुपये, पेंडीची उधारी १,४००, उचलीचा हप्ता १,०००. आता सांगा. आधी पेंड पूर्ण कापायची, मग हप्त्यातले ४५० घ्यायचे, ५५० पुढच्या बिलाला ओढायचे आणि माणसाच्या हातात शून्य? की निम्मं बिल तरी हातात राहिलंच पाहिजे असा संस्थेचा शिरस्ता आहे, म्हणजे ९२५ च कापायचे आणि बाकी सगळं पुढे? हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, एका घराच्या महिन्याच्या खर्चाचा आहे, आणि म्हणूनच तो विचारल्याशिवाय "कपात = पेंड + हप्ता" लिहिणं मला बेजबाबदारपणा वाटतो. दोन-तीन अटी एकमेकीत अडकल्या की कागदावर छोटा तक्ता करा, डावीकडे अटी, उजवीकडे काय करायचं, प्रत्येक शक्यतेला एक ओळ. रिकामी राहिलेली ओळ म्हणजे पुढचा प्रश्न.

"मेसेज गेला पाहिजे." मराठीत एसएमएस पाठवला तर एका मेसेजमध्ये साधारण ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०, आणि त्या ७० मध्ये काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. त्याच्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. शिवाय भारतात असे मेसेज पाठवायचे तर टेम्प्लेट (मजकुराचा साचा) आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, रजिस्टर करावं लागतं, म्हणजे मजकूर नंतर मनाला येईल तसा बदलता येत नाही. हे आधीच सांगा म्हणजे मजकूर आधीच ठरतो.

उत्तरं आली की वाक्यं परत लिहा

रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या कंट्रोलसाठी गरजा लिहिताना अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ईअर्स नावाची पद्धत मांडली, मोजकेच साचे, त्यातच वाक्य बसवायचं. मराठीत ते साचे सहज बसतात: नेहमी लागू असणारं, काही घडलं की होणारं, एखादी स्थिती असताना होणारं, आणि काही बिघडलं तर होणारं. म्हणजे "मशीन बंद पडलं तर हाताने टाकता आलं पाहिजे" याचं होतं:

"मशीन बंद असताना ऑपरेटरने फॅट हाताने टाकली की सिस्टिम त्या नोंदीवर 'हाताने' अशी खूण करेल आणि ती खूण पावतीवर आणि बिलावर छापेल."

स्थिती आली, घटना आली, कर्ता आला, परिणाम आला. प्रत्येक अशा वाक्याला नंबर द्या, साधा, ग-१, ग-२ असा. एका वाक्यात दोन "आणि" आले आणि दोन्ही वेगळ्या वेळी मोडू शकत असतील तर वाक्य तोडा. "लवकर", "सोपं", "व्यवस्थित" असे शब्द राहिले असतील तर त्यांच्या जागी मोजता येणारं काहीतरी आलं पाहिजे. "एंट्री लवकर झाली पाहिजे" ऐवजी "सभासद कोड टाकल्यापासून पावती निघेपर्यंत माउसला हात लावावा लागणार नाही". हे कुणीही उभं राहून तपासू शकतं.

आणि मग उदाहरणं

डॅन नॉर्थ यांनी साधारण २००६ च्या सुमारास लोकांपुढे आणलेली "दिलेलं असताना, जेव्हा, तेव्हा" ही मांडणी बऱ्याच जणांना माहीत असेल, क्युकंबर हे टेस्ट चालवायचं टूल त्यावरच चालतं. पण फार कमी लोकांना माहीत आहे की क्युकंबरमध्ये उदाहरणं ज्या भाषेत लिहितात ती गर्किन भाषा मराठी कीवर्ड ओळखते. फाइलच्या पहिल्या ओळीत मराठीचा भाषा-कोड टाकला की खालचं जसंच्या तसं टेस्ट म्हणून चालवता येतं (प्रत्येक ओळीमागचा कोड अर्थात तुम्ही लिहायचा):

सुविधा: चार्टप्रमाणे भाव लावणे

परिदृश्य: ग-७ फॅट बेसच्या वर, एसएनएफ बेसच्या खाली
दिलेल्या प्रमाणे १६ तारखेच्या सकाळपासून गाईचा ३.५/८.५ ला ३० रुपयांचा चार्ट लागू आहे
जेव्हा १६ तारखेच्या संध्याकाळी १२.५ लिटर दूध ३.८ फॅट आणि ८.४ एसएनएफने जमा होतं
मग भाव ३०.६० रुपये लागतो
आणि रक्कम ३८२.५० रुपये होते

हे प्रिंट काढून सेक्रेटरीसमोर ठेवा. तो पेन घेईल, तीन पॉइंटचे ९० पैसे वर, एक पॉइंटचे ३० पैसे खाली, ३०.६०, बरोबर. मग तो स्वतःहून म्हणेल "पण म्हशीचं असेल तर..." आणि तिथे तुम्हाला अजून एक नियम फुकट मिळाला. हीच ती जागा ज्यासाठी एवढा खटाटोप. तुमच्या क्लास डायग्रामकडे बघून तो फक्त मान हलवतो, उदाहरणाकडे बघून तो भांडतो.

उदाहरणं किती? प्रत्येक नियमाला एक सरळ, आणि मग सगळी सीमेवरची. ३.४७ फॅट. चार्टच्या बाहेरची फॅट. भाव बदलायच्या आदल्या वेळची नोंद आणि त्याच वेळची नोंद. २८ फेब्रुवारी. कपात बिलापेक्षा मोठी. शून्य दूध घातलेला पण उधारी बाकी असलेला माणूस, त्याचं बिल निघतं का?

कंपोनंट कुठे तोडायचे

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलेली गोष्ट आजही याच्यावरचं सगळ्यात कामाचं मार्गदर्शन आहे असं मला वाटतं: कामाच्या क्रमाप्रमाणे तुकडे पाडू नका, बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका तुकड्यात लपवा. नामांची यादी केली म्हणून प्रत्येक नामाचा एक कंपोनंट होत नाही. विचारा की काय कुणामुळे बदलतं.

चार्ट संघामुळे बदलतो. कपातीचा नियम संचालक मंडळामुळे. मशीन बदललं की त्याची वायर आणि त्यातून येणाऱ्या डेटाचा फॉरमॅट बदलतो. बँकेला लागणारी फाइल बँकेमुळे बदलते. मेसेजचा मजकूर टेम्प्लेटमुळे. म्हणून कंपोनंट होतात: मापन (काटा, अ‍ॅनालायझर, किंवा हाताने), भाव, नोंदवही, कपात, बिल, पेमेंट आणि निरोप. मापनाला भाव माहीत नसतो. भावाला शेतकऱ्याचं नाव माहीत नसतं. कपातीला दूध म्हणजे काय हे कळायची गरज नाही, तिला फक्त रक्कम, येणी आणि नियम कळतो.

प्रत्येक कंपोनंटसाठी अर्ध्या पानाचा करार लिहा. भावाचा असा:

भाव_काढा: घेतो प्राणी, फॅट, एसएनएफ, तारीख, वेळ. देतो लिटरचा भाव पैशांत आणि कुठला चार्ट वापरला त्याचा नंबर. चार्टमध्ये ती जागा नसेल तर "चार्टमध्ये नाही" असं उत्तर देतो, शून्य कधीही देत नाही. आजची तारीख स्वतः बघत नाही, दिलेली वापरतो. काहीही साठवत नाही.

शून्य न देण्याबद्दल मी आग्रही आहे. शून्य हा आकडा आहे, तो गुपचूप गुणाकारात जातो, बिलात उतरतो आणि दहा दिवसांनी कुणाच्यातरी घरी रडारड होते. "चार्टमध्ये नाही" असं उत्तर आलं तर जागेवरच ऑपरेटर थांबतो आणि विचारतो. आणि घड्याळ स्वतः न बघण्याचं कारण हे की मग १६ तारखेची टेस्ट तुम्ही कधीही चालवू शकता आणि मागच्या तारखेचा फरक काढायला तोच कंपोनंट वापरता येतो.

कोड लिहिताना दोन-तीन गोष्टी ज्या इथे हमखास चावतात

पैसे आणि फॅट दशांशात ठेवू नका. पायथॉनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये ३.८ मधून ३.५ वजा करा, ०.३ येत नाही, ०.२९९९९... असं काहीतरी येतं. त्याला ०.१ ने भागून पूर्णांक काढला की तीन पॉइंटऐवजी दोन मिळतात, आणि वरच्या उदाहरणातल्या माणसाचे लिटरमागे ३० पैसे गेले, कुठलाही एरर न येता. फॅट ३.८ असेल तर ३८ साठवा, दोन दशांश लागत असतील तर ३८०, रुपये असतील तर पैसे साठवा, सगळं पूर्णांकात. दाखवताना फक्त पॉइंट लावा.

राउंडिंग. पायथॉनचा राउंड २.५ ला २ करतो, कारण तो मधोमध असलेला आकडा सम संख्येकडे नेतो. एक्सेल त्याच २.५ ला ३ करतं. संस्थेची जुनी बिलं एक्सेलमध्ये असतील तर तुमचा आकडा अधूनमधून पैशाने हुकणार आणि शेतकरी तो पैसा बघतो, बघायलाच पाहिजे. शिवाय रोजच्या रकमा राउंड करून बेरीज करायची की बेरीज करून एकदाच राउंड, हे पण उदाहरणात लिहून सही घ्या.

आकडे मराठी कीबोर्डवरून आले तर? पायथॉनचा इंट "१२" ला बिनतक्रार बारा समजतो, जावास्क्रिप्टचा नंबर मात्र त्याला आकडाच मानत नाही. मोबाइलवर एंट्री होणार असेल तर मापन कंपोनंटच्या दारातच आकडे एकसारखे करून घ्या, आत कुणाला त्याची फिकीर नको.

बांधायचा क्रम म्हणाल तर आधी भाव, कारण त्याला स्क्रीन लागत नाही, डेटाबेस लागत नाही आणि उदाहरणं तयार आहेत. मग एक बारीक उभी पट्टी, एक शेतकरी, एक वेळ, एक कपात, एक छापलेलं बिल, सगळ्या कंपोनंटमधून थोडं थोडं जाणारी. सगळ्या स्क्रीन आधी आणि गणित नंतर या क्रमाला माझा विरोध आहे.

एआयकडून लिहून घेणार असाल तर

आता बरेच जण सेक्रेटरीचं वाक्य तसंच्या तसं एआयला देतात आणि दोन मिनिटात चालणारं काहीतरी मिळतं. ते चालतं, पण वर जेवढे प्रश्न आले त्या प्रत्येकाचं उत्तर त्याने मनाने धरलेलं असतं आणि तुम्हाला सांगितलेलं नसतं. म्हणून आधी त्याला कोड मागू नका, प्रश्न मागा: या वाक्यात काय काय ठरलेलं नाही त्याची यादी दे. ती यादी खरंच चांगली येते, फक्त उत्तरं सेक्रेटरीकडून आणायची, त्यालाच द्यायला लावायची नाहीत. मग एका वेळी एकच कंपोनंट, करार आणि उदाहरणं देऊन. काही उदाहरणं हातात राखून ठेवा आणि कोड आल्यावर ती चालवा. आणि एकाच वाक्यावरून कोड आणि टेस्ट दोन्ही त्याच्याकडून घेऊ नका, कारण एकच चुकीचा अंदाज दोन्हीकडे उतरतो आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसते. शेतकऱ्यांची खरी नावं, खाते नंबर, मोबाइल नंबर त्यात टाकायचे नाहीत, खोटी नावं आणि खरे आकडे पुरतात.

रजिस्टरच्या शेजारी चालवा

एक पूर्ण बिल, शक्यतो महिनाअखेरचं, जुनं रजिस्टर आणि नवीन सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा आणि ओळीला ओळ लावून तपासा. एकूण रक्कम जुळली म्हणून थांबू नका, एकाचे जास्त आणि एकाचे कमी होऊन बेरीज जुळू शकते. न जुळलेली प्रत्येक ओळ तीनपैकी एका डब्यात टाका: आपला कोड चुकला, रजिस्टरमध्ये चूक आहे, किंवा कुणीच न सांगितलेला नियम आहे. तिसऱ्या डब्यातल्या ओळी घेऊन परत सेक्रेटरीकडे जा. "या बाईंना लिटरमागे ५० पैसे जास्त का?" "अहो त्या स्वतः गाडीने सेंटरला दूध आणून देतात ना, त्यांना वाहतुकीचे देतो." घ्या, नवीन नंबर, नवीन वाक्य, नवीन उदाहरण.

सहा महिन्यांनी फोन येईल: "दादा, दिवाळीला लिटरमागे फरक द्यायचाय, तेवढं टाका." म्हणजे वर्षभराच्या दुधावर वरून द्यायचे पैसे. वाट तीच. कोण देतो, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतच्या दुधावर, गाय आणि म्हैस सारखंच का, त्यातून उधारी कापायची का, राउंडिंग कसं. वर्षाचे लिटर नोंदवहीतून मिळतात, कापायचं असेल तर कपात आहे तीच चालते, पैसे पेमेंटमधून जातात, म्हणजे नवीन कंपोनंट एकच आणि तो छोटा. आणि एक प्रश्न विसरू नका: जो माणूस मध्येच दूध घालायचा थांबला, किंवा दुसऱ्या डेअरीकडे गेला, त्याने आधी घातलेल्या लिटरवर फरक मिळणार का? याचं उत्तर सेक्रेटरीकडून फोनवर घेऊ नका, संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्या, आणि त्या ठरावाचा नंबर टेस्टच्या नावात टाका.